आरोग्यदूत कोणी निवडायचा?

जिल्हा परिषदेच्या शाळेत डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा येतं. उवा, खरूज, जंत आणि हगवण यांना मात्र वेळापत्रक नसतं.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून देशभरासाठी सुरू झालेल्या या कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलांची दोनदा तपासणी होते. काम मोलाचंच आहे. जन्मापासूनचा हृदयदोष किंवा दुभंगलेला ओठ अशा तपासणीत सापडतो आणि पुढच्या उपचारांची सोय होते. पण गाडी गेली की पुढची खेप वर्षाने. मधल्या काळात एखादा मुलगा फळ्याकडे न बघता शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो, एखादी मुलगी दिवसभर डोकं खाजवते, कोणी शौचाहून आल्यावर हात चड्डीला पुसून थेट खिचडीच्या रांगेत उभा राहतो. हे सगळ्यांत आधी कोणाच्या नजरेला पडतं? बाईंसमोर तीस-चाळीस डोकी असतात, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची असते. नजरेला पडतं ते शेजारी बसलेल्या पोराच्या.

त्या पोराला, म्हणजे आरोग्यदूताला, काय शिकवलं म्हणजे तो नुसता बघत बसणार नाही, आणि तो दूत कोणी निवडायचा, एवढाच हा विषय.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ, आसेगाव. वाशिम जिल्ह्यात या नावाची गावं एकाहून अधिक आहेत. इथे डोळ्यांसमोर आहे ते मंगरूळपीर तालुक्यातलं, पोलीस ठाणं असलेलं आसेगाव. आजूबाजूला सोयाबीन, तूर, कपाशी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा २०१८मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातून त्या यादीत चारच जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. या जिल्ह्यांची प्रगती मोजताना आरोग्य-पोषणाला शंभरातले तीस आणि शिक्षणाला तीस गुण ठेवले आहेत. म्हणजे साठ गुणांचा पेपर शाळा आणि दवाखाना या दोन इमारतींत सोडवायचा आहे, आणि या दोन इमारतींमध्ये रोज ये-जा करू शकणारी माणसं म्हणजे गावातली पोट्टी.

शाळेत मुलांची तब्येत बघावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेलीत आणि १९०६मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. पाठोपाठ १९०९मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेचा इतिहास तिथूनच मोजतात. मात्र त्या तपासणीत मूल तपासलं जाई, बस. पुढची सत्तर वर्षं मूल टेबलाच्या त्याच बाजूला राहिलं.

बाजू बदलली ती १९७८मध्ये. पुढचं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय बालवर्ष ठरवलं होतं. त्या निमित्ताने लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी 'चाइल्ड टू चाइल्ड' नावाची चळवळ सुरू केली. मॉर्ले यांनी नायजेरियात बरीच वर्षं काम केलं होतं. तिथल्या खेड्यांत धाकट्या भावंडांना दिवसभर कडेवर घेऊन फिरणारी, त्यांना भरवणारी मुलं म्हणजे आठ-दहा वर्षांच्या बहिणी, हे त्यांनी पाहिलेलं. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. निंदणाचे दिवस आले की आई पहाटे वावरात जाते आणि धाकट्याचं सगळं चौथीतल्या ताईकडे येतं. सांभाळण्याचं काम तिच्याकडे आहेच, मग त्यासाठीचं ज्ञान तिला का देऊ नये, इतका सरळ युक्तिवाद होता.

हा विचार मुंबईत लवकर पोहोचला. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांचं मालाडच्या मालवणी वसाहतीत आरोग्यकेंद्र होतं. तिथे डॉ. विजया भालेराव यांनी शाळकरी मुलांनाच आरोग्याचं नेतृत्व देण्याचा प्रयोग केला, आणि त्यावरचा त्यांचा लेख १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'वर्ल्ड हेल्थ फोरम' या नियतकालिकात आला. या विषयावर जगभर लिहिलं जातं तेव्हा मालवणीचं नाव आजही येतं. आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणांत ते क्वचितच ऐकू येतं, हे मला खटकतं.

आता शिकवायचं कसं? इथे बहुतेक उपक्रम घसरतात. 'हात स्वच्छ धुवावेत', 'उघड्यावरचे खाऊ नये' अशी वाक्यं मुलांकडून पाठ करून घेतली जातात, भिंतीवर रंगवली जातात आणि स्वातंत्र्यदिनी भाषणात म्हणवली जातात. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या मुलाला सांगता येत नाही. सांगता येतं ते स्वतः केलेलं आणि स्वतः पाहिलेलं.

याचा सर्वांत सुरेख नमुना मेक्सिकोच्या डोंगराळ भागात आरोग्यसेवकांबरोबर काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांच्या पुस्तकांत सापडतो. हगवणीने मूल का मरतं, हे मुलांना दाखवायचं असतं. दुधी भोपळ्याचं किंवा प्लास्टिकच्या बाटलीचं 'बाळ' करतात. आसेगावात बाटली सोपी. तिचा वरचा निमुळता भाग कापायचा. पुढच्या बाजूला डोळे काढून तिथे बारीक भोकं पाडायची, खाली लघवीच्या जागी एक भोक आणि बुडाशी मागे एक मोठं. सगळ्या भोकांत काड्या बसवायच्या. बाटली काठोकाठ भरायची आणि वर पातळ ओलं फडकं पाण्याला टेकेल असं पसरायचं. ही बाळाची टाळू. आता बुडाची काडी काढली की बाळाला हगवण लागते. पाणी उतरू लागतं. मुलांना डोळ्यांची काडी काढायला सांगा: अश्रू येत नाहीत. लघवीची काढा: थोड्या वेळात तीही थांबते. आणि फडकं? ते आत खचतं. टाळू खोल जाते.

गुरुजींनी इथे काहीही बोलायचं नाही, हीच सगळ्यांत अवघड गोष्ट. मुलं आपणच सांगतात की पाणी जातंय, भरलं पाहिजे. मग वरून पाणी ओतत राहायचं. हगवण चालूच आहे, तरी फडकं पुन्हा वर येतं. हगवण थांबवायच्या आधी पाणी भरायचं असतं, हे तिसरीतल्या मुलाला पाच मिनिटांत कळतं. एरवी कित्येक घरांत हगवण लागलेल्या बाळाचं पाणी तोडतात. कारण मोठ्यांच्या डोक्यातलं गणित उलटं असतं: प्यायलं की अजून जाईल.

यानंतर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कसं मिसळायचं, हे शिकवायला हरकत नाही. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' या शब्दावर थांबायचं, कारण शीग लावून मीठ घातलं तर ते धोक्याचं. मॉर्ले यांनी यासाठीच दोन टोकांचा चमचा प्रसारात आणला, एक टोक साखरेचं आणि एक मिठाचं. आपल्या मुलांनी दोन झाकणं निवडून, त्यांचं माप चमच्याशी पडताळून आपापला चमचा करावा. ते हस्तकलेच्या तासात बसतं.

एक मर्यादा पहिल्याच दिवशी आखून घ्यायला हवी. मुलाने मुलाला औषध द्यायचं नाही. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी शिक्षकांसमोरच चावून खायची. लोहाची साप्ताहिक गोळी, प्राथमिकच्या मुलांची गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांची निळी, शिक्षकांनीच द्यायची. आरोग्यदूताचं काम गोळीच्या आधी आणि नंतर. लोहाच्या गोळीने शी काळी होते. हे कोणी सांगितलेलं नसलं की मूल घाबरतं, घरी सांगतं आणि पुढच्या आठवड्यात गोळी बाकाखाली जाते. 'काळी होते रे, माह्यीबी झाली, काही नाही होत' हे वाक्य बाईंच्या तोंडी पटत नाही. ते मित्राच्याच तोंडी पटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांत रक्तक्षय आढळला. हीच मुलं पुढे पहिलीत येऊन बसतात. तेव्हा बाकाखाली गेलेली एकेक गोळी महागात पडते.

साप चावला, कोणी कीटकनाशक प्यायलं, फवारणी करताना कोणाला भोवळ आली, तर दूताचं काम म्हणजे लगेच मोठ्यांना हाक मारणं आणि १०८ला फोन करायला लावणं. त्यापलीकडे काही नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यामुळे कीटकनाशकाचा रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही, एवढं एक वाक्य या भागातल्या मुलांच्या यादीत असावं. शहरात छापलेल्या पुस्तिकेत ते सापडणार नाही.

आता निवडीचा प्रश्न. माझ्या मते सगळा उपक्रम यावर उभा राहतो किंवा पडतो.

केंद्र सरकारने १२ फेब्रुवारी २०२० रोजी आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. आकांक्षित जिल्ह्यांचाही त्यात समावेश आहे. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, हे आरोग्य राजदूत आणि प्रत्येक वर्गातली दोन मुलं आरोग्यदूत. आठवड्यातला एक तास, अकरा विषय: पोषण आणि स्वच्छतेपासून व्यसनं, मनाचं आरोग्य आणि इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत. आराखडा चांगला आहे. पण तो सहावीपासून बारावीपर्यंतचा आहे. चौथी-पाचवी, जिथे सवयी पडतात आणि मुलं अजून सांगितलेलं मनापासून करतात, ती बाहेर राहते.

इंडोनेशियात याच्या उलट आहे. तिथे चौथी-पाचवीच्या मुलांना 'दोक्तर कचिल', म्हणजे छोटे डॉक्टर, करण्याची पद्धत बऱ्याच वर्षांची आहे. ही मुलं वजन-उंची मोजतात, छोट्या जखमा धुतात, नखं-दात बघतात. मात्र निवडीचे निकष वाचले की ओळखीचा वास येतो: अभ्यासात पुढे असावा, निरोगी असावा, नीटनेटका असावा, नेतृत्वगुण असावेत. आपल्याकडेही असंच. शिक्षक वर्गावर नजर फिरवतात आणि पहिल्या बाकावरची, दोन वेण्या घट्ट घातलेली, इस्त्रीच्या गणवेशातली मुलगी उभी राहते. तिला बिल्ला मिळतो. तिला हात धुवायला शिकवायची गरज नव्हती, आणि शेवटच्या बाकावरचे तिचं ऐकत नाहीत.

इंग्लंड-वेल्समध्ये यावर एक मोठा अभ्यास झाला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांत धूम्रपान रोखण्यासाठी ५९ शाळांतल्या दहा हजारांहून अधिक मुलांना घेऊन केलेला हा 'ॲसिस्ट' नावाचा प्रयोग २००८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दूत शिक्षकांनी निवडले नाहीत. मुलांनाच चिठ्ठीवर विचारलं: तुम्ही कोणाचं ऐकता, तुमच्यात पुढारी कोण, तुम्हाला कोणाचा आदर वाटतो? ज्यांची नावं जास्त आली त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवस शिकवलं आणि परत पाठवलं. त्यांनी वर्गात भाषणं दिली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत, घरी जाताना, गप्पांच्या ओघात विषय काढला. वर्षभरानंतरही त्या शाळांत धूम्रपान कमी होतं. दोन वर्षांनी हा फरक थोडा उणावला, पण पुसला गेला नाही.

आसेगावच्या चौथीत हे करायला परदेशी निधी लागत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि विचारायचं: खेळात कोणाचं ऐकता? लागलं-पडलं तर कोणाला सांगता? जी नावं निघतील त्यांत कबड्डीचा कप्तान असेल, चिंचा पाडण्यात वस्ताद असलेला असेल, कदाचित ज्याच्या डोक्यात उवा आहेत तोही असेल. त्याच्या उवा गेल्या की वर्गाला ते दिसेल. अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, त्यात आरोग्यमंत्री मतदानाने निवडतात. पाया तयार आहे, फक्त उमेदवार गुरुजींनी सुचवायचे नाहीत.

मुलांनी मुलांना निवडण्याचा आणखी एक फायदा भाषेचा. मंगरूळपीर-मानोरा भागात बंजारा तांडे पुष्कळ. तिथली मुलं घरी गोरमाटी बोलतात, गावात वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. 'जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत' हे तिसऱ्या भाषेतलं वाक्य आहे. 'काहून बे, साबन नाही लावला?' हे दुसऱ्या भाषेतलं, आणि त्यात दम आहे. तांड्यातला दूत असेल तर तोच निरोप पहिल्या भाषेत जाईल. ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेलं कुटुंब चार-सहा महिन्यांनी परतलं, की त्या मुलाला मधलं सगळं सांगायला शेजारचाच लागतो. गुरुजींचा धडा तोवर पुढे सरकलेला असतो.

धोका एकच, पण खरा आहे. पोराच्या हाती तपासणी दिली की ते पोलीस होतं. नखं बघणं, कॉलर बघणं, यादी करणं आणि प्रार्थनेच्या वेळी नावं वाचणं. मळका गणवेश म्हणजे बहुतेक वेळा एकच गणवेश. विस्कटलेले केस म्हणजे घरात तेल संपलंय किंवा आई उजाडायच्या आत कामाला गेली. ज्याला रोज पाणी मिळत नाही त्याला रोज स्वच्छतेवरून लाज देणं म्हणजे त्याला शाळेतून हळूहळू बाहेर ढकलणं. खरुजेचंच बघा. एकट्या मुलाला मलम लावून काही होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावं किंवा कडक उन्हात घालावं लागतं. अशा मुलाचं नाव वाचून उपयोग शून्य. उपयोग तेव्हा, जेव्हा दूत बाईंच्या कानात सांगतो आणि आशाताई संध्याकाळी त्या घरी जातात. म्हणून दूताच्या वहीत नावं नसावीत, आकडे असावेत.

नजरेच्या बाबतीत तर मुलं मोठ्यांहून तरबेज ठरू शकतात. इंग्रजी 'ई' अक्षर चारही दिशांना वळवलेला तक्ता भिंतीवर लावायचा, सहा मीटरवर रेघ मारायची, एक डोळा झाकायचा आणि अक्षराचे दात कोणीकडे आहेत ते बोटांनी दाखवायचं. अक्षरओळख नसलेल्या पहिलीतल्या पोरालाही जमतं. ज्याला दिसत नाही त्याला दूत फक्त पुढच्या बाकावर आणतो आणि बाईंना सांगतो. निदान डॉक्टरांचं. पण पथक येईपर्यंतचे आठ-दहा महिने तरी ते मूल फळा बघू शकेल.

खर्ऱ्याचं बोलल्याशिवाय विदर्भातला आरोग्याचा लेख पुरा होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घोटलेलं. २०१६-१७च्या जागतिक तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि खाणारे, चघळणारे २४.४. कायदे कडक आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री बंद, अठरा वर्षांखालच्याला विक्री बंद, आणि बालन्याय कायद्याच्या ७७व्या कलमानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. तरी 'जा रे, एक खर्रा घेऊन ये' हे वाक्य घरोघरी सहज निघतं. मुलांच्या तंबाखूच्या ओळखीची सुरुवात बऱ्याचदा या निरोप्याच्या कामापासून होते. चौथीतल्या दूताकडून बापाचं व्यसन सोडवण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याला एवढंच शिकवावं की आणायला नाही म्हणता येतं, कसं म्हणायचं, आणि मार बसेल असं वाटलं तर म्हणू नये, बाईंना सांगावं. नाटुकली करून घेतली तर मुलं यात रमतात. खर्रा आणायला सांगणाऱ्या आबांची भूमिका करायला सगळेच पुढे येतात.

पुरावे काय सांगतात, हेही बघितलं पाहिजे. अशा उपक्रमांनी मुलांची माहिती हमखास वाढते. वागणं बदलतं, पण कमी आणि हळू. सगळ्यांत जास्त फायदा खुद्द दूत झालेल्या मुलाला होतो. म्हणून माझं मत असं की वर्षभर दोघांनाच बिल्ला लावून ठेवू नये. दर सत्राला नवी चिठ्ठी काढावी, जुन्यांनी नव्यांना शिकवावं. पाचवीपर्यंत वर्गातले बरेच जण दूत होऊन जातात.

दुसरी अट शाळेची. साबणाने हात धुण्याने हगवणीचे प्रसंग सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक अभ्यास एकत्र पाहता दिसतं. पण नळाला पाणी नसेल आणि साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असेल, तर दूत काय करणार? खिचडीच्या सुट्टीत शंभर मुलं आणि एक नळ, हे गणित पोरांनाही कळतं. रांगेत भोकं पाडलेला आडवा पाइप आणि जाळीत बांधून टांगलेल्या साबणाच्या वड्या, एवढ्यावर दहा-बारा मुलं एका वेळी हात धुतात. टंचाईच्या दिवसांत बाटलीत साबणाचं पाणी करून झाकणाला भोक पाडलं, तरी थेंबांत काम होतं.

'चाइल्ड टू चाइल्ड'च्या पद्धतीत सहा पायऱ्या आहेत: प्रश्न निवडणं, त्याची माहिती काढणं, बेत ठरवणं, तो अमलात आणणं, काय झालं ते तपासणं, आणि पुढच्या वेळी अधिक चांगलं करणं. आपल्याकडे चौथ्या पायरीवर फोटो निघतो आणि उपक्रम संपतो. पाचवी पायरी मुलांकडेच द्यावी. 'तू हात धुतोस का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, त्यामुळे विचारायचंच नाही. साबणाची वडी कोणत्या तारखेला टांगली आणि कोणत्या तारखेला संपली, एवढं चौथीच्या दूतांनी वहीत लिहायचं. हजेरीचा आकडा समोर असतोच. किती मुलांत एक वडी किती दिवस पुरली, हा भागाकार चौथीच्या गणितात येतो. वडी महिनाभर टिकली तर पुढच्या सोमवारी वर्गात बसून शोधायचं की अडलं कुठे: पाण्यात, रांगेत, की वडीच कोणी घरी नेली.